शंभर फ्रेंच पुस्तके आणि एक डॉक्टर

ताडेउश बॉय-झेलेन्स्की (1874–1941) यांनी एकट्याने शंभराच्या आसपास फ्रेंच ग्रंथ पोलिश भाषेत आणले. व्हियों, राबले, मोंतेन, मोलिएर, बाल्झाक, प्रूस्त असे शतकाशतकांचे लेखक त्यांत आहेत. पेशाने ते डॉक्टर. जन्म वॉर्सातला, वडील संगीतकार, वैद्यकाचे शिक्षण क्राकुवच्या यागेलोनियन विद्यापीठात.

त्या काळी पोलंड नकाशावर नव्हताच. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी 1795 पर्यंत तो वाटून घेतला होता. राज्य गेल्यावर राष्ट्र सांभाळायचे काम भाषेवर आणि कवींवर येऊन पडले. मित्सकेविच हा कवी तर जवळजवळ देव्हाऱ्यातच जाऊन बसला. रशियाच्या ताब्यातल्या भागात पोलिश शाळांची मुस्कटदाबी चाले. ऑस्ट्रियाच्या क्राकुवमध्ये मात्र विद्यापीठ, नाटके, वर्तमानपत्रे सगळे पोलिशमध्ये होते, आणि थट्टेलाही जागा होती. तिथल्या एका मिठाईच्या दुकानात 1905 साली ‘हिरवा फुगा’ नावाचा कॅबरे सुरू झाला. शहरातल्या बड्या मंडळींची टर उडवणारी झेलेन्स्कींची गाणी तिथे गाजली. ‘बॉय’ हे त्यांचे टोपणनाव.

अनुवादाला बाल्झाकपासून सुरुवात झाली. 1912 मध्ये मोलिएरची समग्र नाटके आली. खरी कसोटी राबलेची होती. सोळाव्या शतकातला हा रांगडा, शिवराळ, विद्वान लेखक विसाव्या शतकाच्या पोलिशमध्ये गुळगुळीत झाला असता. बॉय यांनी राबलेच्याच काळातला पोलिश लेखक मिकोवाय रेय याच्या वळणाची जुनी भाषा वापरली. फ्रेंच पुस्तकाच्या निमित्ताने पोलिश वाचकाला स्वतःच्याच भाषेचा विसरलेला साठा परत मिळाला. राष्ट्रीय अस्मितेसाठी हे काम अनेक देशभक्तिपर काव्यांहून मोलाचे ठरावे.

पुस्तके खपवण्याची कलाही त्यांना साधली होती. देकार्तचा तत्त्वज्ञानावरचा ग्रंथ उठेना, तेव्हा त्यांनी त्यावर ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पट्टी लावली, तो उठला.

1918 मध्ये पोलंड स्वतंत्र झाला आणि 1922 मध्ये बॉय वॉर्सात आले. आता नाट्यसमीक्षा आणि वादविवाद यांनाही जोर चढला. राष्ट्रकवींचे ब्राँझचे पुतळे करणाऱ्या अभ्यासकांवर त्यांनी 1930 साली पुस्तकच लिहिले. मित्सकेविचच्या आयुष्यातल्या गैरसोयीच्या गोष्टी झाकून ठेवू नयेत, माणूस म्हणूनच तो अधिक मोठा दिसतो, असा त्यांचा आग्रह होता. शिवाय संततिनियमनाचा प्रचार. धर्मनिष्ठ आणि राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली नसती तरच नवल. तरीही 1933 मध्ये पोलिश साहित्य अकादमीत त्यांची निवड झाली. त्याच दशकाच्या अखेरीस प्रूस्तच्या महाकादंबरीचे भाग निघू लागले.

1939 मध्ये युद्ध पेटले तेव्हा ते ल्वूवला साडूंकडे गेले. शहर सोव्हिएत अमलाखाली आले. बॉय तिथल्या विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकवू लागले. त्या राजवटीशी जुळवून घेतल्याचा ठपका त्यांच्यावर आजही ठेवला जातो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. जर्मन सैन्य आल्यावर जुलै 1941 च्या सुरुवातीला एका रात्रीत प्राध्यापकांची धरपकड झाली. त्यांच्यासह बॉय आणि त्यांचे साडू डॉक्टर यान ग्रेक यांना वुल्का टेकडीवर गोळ्या घातल्या गेल्या. या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. विस्पियान्स्कीच्या ‘लग्न’ या गाजलेल्या राष्ट्रीय नाटकातली दोन पात्रे या बहिणींवरूनच बेतलेली.

प्रूस्तचे शेवटचे दोन भाग युद्धानंतर दुसऱ्या अनुवादकांनी पूर्ण केले. मोलिएर आणि बाल्झाक मात्र पोलिश वाचक आजही बऱ्याचदा बॉय यांच्याच भाषेत वाचतात.