खाड्याचा हिशोब

आरोग्यसेवा लोकांच्या शक्य तितकी जवळ असावी, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगितले होते. मग घराशेजारी महापालिकेचा दवाखाना असूनही मुंबईतले लोक साध्या तापासाठी मोठे रुग्णालय का गाठतात? ‘अडाणीपणा’ हे उत्तर मला कधी पटले नाही.

केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या, घरकाम करणाऱ्या एका बाईंना मी विचारले. त्या म्हणाल्या, “दवाखान्यात तपासतात, मग रक्तासाठी दुसरीकडे धाडतात. दोन खाडे होतात. इथं एका खाड्यात सगळं उरकतं.”

त्यांचा हिशोब चोख होता. पण मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी रोजची. ती आणायला दर महिन्याला खाडा कोणाला परवडणार? मग गोळी सुटते आणि पुढे तोच रोगी अत्यवस्थ होऊन त्याच रुग्णालयात येतो.

२०२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत संध्याकाळची वेळ ठेवली, ती म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. कामावरून परतताना दार उघडे मिळाले, औषध आणि तपासणीही तिथेच झाली, तरच तो दवाखाना जवळचा म्हणायचा.