माळ्यावरची गाणी हार्ड डिस्कवर

बालमित्रांनो, आज हा लेख वाचताना आईबाबांनाही शेजारी बसवून घ्या. आजोबा असतील तर फारच छान. कारण आज आपण एक खरेदी करायची आहे, आणि या खरेदीत पैशापेक्षा डोकं जास्त लागतं.

तुमच्या घरी माळ्यावर किंवा दिवाणाखाली कॅसेटचा एखादा खोका नक्की असेल. त्यात भीमसेन जोशींचे अभंग असतील, नाट्यगीतं असतील, आईच्या लग्नातली सनई असेल. कदाचित एखाद्या कॅसेटवर शाईच्या पेनाने नुसतं ‘आई – ओव्या’ असं लिहिलेलं असेल. भीमसेनांचे अभंग उद्या बाजारात पुन्हा मिळतील. ती ‘आई – ओव्या’ मात्र जगात कुठल्याच दुकानात मिळणार नाही. आणि कॅसेटच्या फितीला पावसाळ्यात पांढरी बुरशी लागते, हे ज्याने खोका उघडून पाहिलंय त्याला सांगायला नको.

ही सगळी गाणी एका हार्ड डिस्कवर उतरवायची आणि घरातल्या मोठ्या स्पीकरवर ऐकायची, अशी सोय करता येते. त्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं?

वर्गात हा विषय निघाला तेव्हा चौथीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, हार्ड डिस्क म्हणजे गोल कॅसेटच ना?” बाकीची मुलं हसली. पण तिचं म्हणणं बरंचसं खरं आहे, बरं का! कॅसेटच्या फितीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि आवाज त्यात चुंबकाच्या रूपाने साठवतात. हार्ड डिस्कमध्ये फितीच्या जागी ॲल्युमिनियमची किंवा काचेची गुळगुळीत तबकडी असते. तिच्यावरही चुंबकीय थरच असतो. फरक असा, की कॅसेटचे हेड फितीला घासत जाते, तर डिस्कचे हेड तबकडीला न टेकता हवेच्या पातळ गादीवर तरंगते. ते अंतर काही नॅनोमीटर एवढेच. आपला एक केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे विचार करा! तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. घरचा छताचा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेतो. म्हणूनच चालू डिस्क हलवायची नाही, आपटायची तर मुळीच नाही.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, कपाटाएवढा तिचा आकार होता आणि साठवण होती ५० लाख अक्षरांची. तिच्यावर आजच्या सीडीच्या दर्जाचं गाणं अर्धं मिनिटही मावलं नसतं. तिथून खिशात मावणाऱ्या डिस्कपर्यंत यायला बरेच शोध लागले. त्यांपैकी एका शोधासाठी अल्बेर फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांना २००७ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. डिस्कवरचे अतिशय क्षीण चुंबकत्व वाचता येण्याजोगे झाले ते त्यांच्यामुळे.

आता गणिताची वही काढा. दुकानदार “एक टीबी घ्या, दोन टीबी घ्या” म्हणेल. आपल्याला किती लागते ते आपणच काढू. सीडीवर आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजणीला २ बाइट आणि डावा-उजवा असे २ स्पीकर. म्हणजे ४४,१०० गुणिले २ गुणिले २, बरोबर १,७६,४०० बाइट एका सेकंदाला. गुणिले ६० केले की मिनिटाला १,०५,८४,००० बाइट. साधारण साडेदहा एमबी धरा. तासाला होतात सुमारे ६३५ एमबी.

समजा घरात ६० मिनिटांच्या ३०० कॅसेट आहेत. त्यांचे ३०० तास, म्हणजे सुमारे १९० जीबी. झालं! घरातली सगळी गाणी, एक स्वरही न कापता, ५०० जीबीच्या डिस्कमध्ये मावून जागा उरते. मग दोन टीबीची एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा लहान दोन घ्याव्यात. दोन का, ते पुढे सांगते.

गाणी आणखी लहान करता येतात. एमपी३ ही पद्धत कानाला सहसा न जाणवणारे आवाज गाळून टाकते. १२८ दराची एमपी३ फाइल मूळच्या अकराव्या हिश्शाएवढी होते. फ्लॅक नावाची दुसरी पद्धत काहीच गाळत नाही, फक्त घट्ट घडी घालते. साडीची घडी घातली म्हणून साडी कमी होत नाही ना, तसं. जागा मात्र साधारण निम्मीच लागते.

फरक कानाने ऐकायचाय? एखादं भजन १२८ च्या एमपी३ मध्ये लावा आणि गायकाकडे लक्ष न देता टाळ, झांजा आणि चिपळ्या ऐका. मूळ सीडीवर चिपळी ‘टक्’ अशी स्वच्छ वाजते. एमपी३ मध्ये ती थोडी फिसकटते, झांजेच्या शेवटाला पाण्यासारखी सळसळ येते. तानपुऱ्याची जवारीही अशीच ऐकून बघा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर हे कळणार नाही, घरच्या मोठ्या स्पीकरवर कळतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: घरात साठवायचं ते फ्लॅकमध्ये. प्रवासाला एमपी३ हवीच असेल तर फ्लॅकवरून कधीही करता येते. उलटं करून गेलेला आवाज परत येत नाही.

आता यंत्र. गाणी डिस्कवर ठेवणारी यंत्रे बरीच आली आणि गेली. ॲपलचा आयपॉड २००१ मध्ये ५ जीबीची इवलीशी हार्ड डिस्क पोटात घेऊन आला, २०२२ मध्ये तो बनवणे थांबले. सोनीने २०१३ मध्ये हायफायसाठी ५०० जीबीचा खास प्लेअर काढला होता, तोही आता बनत नाही. सीडी आत सरकवली की स्वतःच गाणी उतरवून घेणारे परदेशी डबे आजही मिळतात. ब्रिटनचा ब्रेनन हा त्यातला एक. छान असतात ते. पण बाहेरून मागवलेला डबा बिघडला तर नाशकात दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारून घ्या. २०१७ मध्ये सारेगामाने जुन्या रेडिओच्या रूपाचा कारवाँ आणला. आजी-आजोबांना तो आवडतो, कारण बटण दाबलं की गाणं लागतं. त्यात कंपनीने निवडलेली गाणी आधीच भरलेली असतात. आपली गाणी पेन ड्राइव्हवरून वाजतात, पण तो संग्रह सांभाळण्याचं यंत्र नव्हे.

मला विचाराल तर सगळ्यात चांगलं यंत्र बहुतेकांच्या घरात पडूनच आहे: ताईचा किंवा बाबांचा जुना, संथ झालेला लॅपटॉप. गाणी वाजवायला फार ताकद लागत नाही. त्याला बाहेरची डिस्क जोडायची आणि आवाज ॲम्प्लिफायरला न्यायचा. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून घरघर येत असेल तर यूएसबीवर चालणारा छोटा डॅक घ्यावा. डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. ज्या घरात दहावी-बारावीतला उद्योगी दादा आहे, त्याने रास्पबेरी पाय घ्यावा. हा पत्त्याच्या कॅटाएवढा संगणक २०१२ मध्ये बाजारात आला. त्यावर व्हॉल्युमिओसारखी फुकट प्रणाली टाकली की उत्तम म्युझिक प्लेअर तयार होतो, आणि मोबाइलवरून गाणं बदलता येतं.

आजोबांचा जुना ॲम्प्लिफायर भंगारात देऊ नका. त्याच्या मागे लाल-पांढरी भोके असतात. प्लेअरची वायर ‘ऑक्स’ किंवा ‘सीडी’ लिहिलेल्या भोकात घालायची. ‘फोनो’ लिहिलेले भोक रेकॉर्डच्या सुईसाठी असते. सुईचा संदेश अगदी दुबळा असतो म्हणून ते भोक त्याला खूप मोठा करते. तिथे आपला प्लेअर लावलात तर आवाज फाटून कानठळ्या बसतील.

नवा प्लेअर घ्यायला दुकानात जाल तेव्हा एक पेन ड्राइव्ह घेऊन जा. त्यात फ्लॅकमधली चार गाणी ठेवा आणि त्यांची नावं देवनागरीत लिहा. पुष्कळ यंत्रं पडद्यावर ‘अभंग’ ऐवजी रिकामे चौकोन दाखवतात! मग आजीने गाणं शोधायचं कसं? दुसरी परीक्षा रागाची. सीडीवर विलंबित आणि द्रुत ख्याल कधी कधी दोन वेगळे तुकडे असतात, पण गायक मध्ये थांबलेला नसतो. काही प्लेअर दोन तुकड्यांमध्ये क्षणभर गप्प बसतात. तबल्याची सम तिथेच गेली तर चिडचिड होते हो! तिसरं म्हणजे कान लावून बघा, डिस्कची खरखर ऐकू येते का. रात्री मंद आवाजात आलाप ऐकताना ती फार त्रास देते. एसएसडी नावाच्या साठवणीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे ती एकदम शांत आणि पडझडीला जरा दणकट. रोज ऐकायला ती चांगली, पण तेवढ्याच जागेला महाग. आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवून द्यायला ती योग्य नाही. कपाटातल्या प्रतीसाठी साधी हार्ड डिस्कच बरी, तीही वर्षातून एकदोनदा लावून तपासायची.

कपाटातली प्रत, म्हणजे ती दुसरी डिस्क. हार्ड डिस्क हे फिरणारं यंत्र आहे, ते कधी ना कधी थांबणारच. ३०० कॅसेटचा खोका खराब होताना एकेक कॅसेट जाते, डिस्क गेली तर सगळंच एका सकाळी जातं. म्हणून दोन डिस्क, आणि दुसरी दुसऱ्याच घरी. आपल्या नाशिककरांना हे का, ते समजवायला नको. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१६ च्या ऑगस्टात गोदामाई चढली तेव्हा सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरलं होतं. आपण पूर मोजतो तो दुतोंड्या मारुतीवरून! नदीकाठच्या घरातली डिस्क एक, तर दुसरी सिडकोतल्या नाहीतर इंदिरानगरातल्या मामाकडे ठेवावी. आणि गाणी उतरवताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते, तेव्हा डेस्कटॉप संगणक असेल तर लहानसा यूपीएस हवाच.

तुम्ही म्हणाल, “एवढा खटाटोप कशाला? सगळी गाणी मोबाइलवर मिळतात की!” मिळतात, जोवर ती कंपनी देते तोवर. एअरटेलचं विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं. आणि ‘आई – ओव्या’ कुठल्या ॲपवर शोधणार?

ओव्यांवरून एक मोठी गोष्ट आठवली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या! १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या तंत्रज्ञाने त्यांच्याबरोबर सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण केले. आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या कुणालाही ऐकता येतात. आपल्या हिशोबाने १२० तास म्हणजे किती? ७६ जीबी. इतक्या बायकांचा आवाज, आणि आपल्या ५०० जीबीच्या डिस्कचा सहावा हिस्सासुद्धा भरत नाही.

पंचवटीत ज्यांचा आश्रम होता त्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे चिरंजीव दत्तात्रेय, म्हणजे द. वि. पलुस्कर, १९५५ मध्ये अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. आज ते आपल्याला गाताना ऐकू येतात ते कुणीतरी ध्वनिमुद्रण केलं आणि पुढे कुणीतरी ते जपलं म्हणून.

तेव्हा कामाला कधी लागायचं? एक इशारा देते. पैसा थोडा लागेल, वेळ खूप. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. रोज एक म्हटली तरी ३०० कॅसेटना दहा महिने. म्हणून आधी एकरेघी वहीत यादी करा आणि बाजारात न मिळणाऱ्या कॅसेट सर्वांत वर लिहा. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने हळूच पुसा. बुरशीची कॅसेट सरळ लावू नका, ती हेडलाही माखते. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. मग टेपच्या ‘लाइन आउट’मधून वायर संगणकाला, आणि ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. आवाजाची पट्टी लाल रंगात जाऊ द्यायची नाही. फाइलच्या नावात गाणारा कोण, गाव कोणतं, साल कोणतं हे लिहा. साल आजीलाच विचारा, कॅसेटवर ते सहसा नसतं.

आणि विचारायला बसलातच, तर मोबाइल उशीवर ठेवून आजीच्या आणखी चार ओव्याही घ्या. वायरने उतरवताना घरातला गोंगाट आत येत नाही, पण मोबाइल सगळं ऐकतो. पंखा बंद, खिडकी बंद, आणि आईला सांगा, कुकर अर्ध्या तासाने लाव म्हणून.