पडद्याआडचा शिक्षक

शिक्षण वर्गाच्या चार भिंतींबाहेर पडले, आता शिक्षकाची गरज उरली नाही, असा एक समज अलीकडे दृढ होत चालला आहे. नामवंत प्राध्यापकाचे व्याख्यान एकदा चित्रित केले की ते लाखो विद्यार्थ्यांना केव्हाही ऐकता येते. मग मधल्या मार्गदर्शकाचे प्रयोजन काय, असा हा युक्तिवाद. वरकरणी तो बिनतोड वाटतो. दूरशिक्षणाचा अनुभव मात्र निराळा आहे.

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात १९७१ साली अध्यापन सुरू झाले. त्याच्या दूरचित्रवाणीवरील पाठांचा गवगवा झाला. परंतु स्वाध्याय तपासून, त्यावर टिपणे लिहून ते टपालाने परत पाठवणारा मार्गदर्शक हाही त्या व्यवस्थेचा कणा होता. पुढे टपालाची जागा संगणकाने घेतली. त्याच विद्यापीठातील जिली सॅमन यांनी २००० साली ऑनलाइन मार्गदर्शनाच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांत ज्ञाननिर्मितीची पायरी चौथी आहे. तिच्याआधी विद्यार्थ्याला प्रवेश सुलभ करून देणे, परस्परांची ओळख आणि माहितीची देवघेव येते. अनोळखी माणसे एकत्र जमली म्हणजे त्यांचा समुदाय होत नाही. तो कोणीतरी घडवावा लागतो.

हे काम यंत्र करील काय? अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत अशोक गोयल यांनी २०१६ साली एका यांत्रिक साहाय्यकाची योजना केली. नेहमीच्या प्रश्नांना त्याने इतकी चोख उत्तरे दिली की तो माणूस नाही हे बहुतेकांच्या ध्यानातही आले नाही. परंतु तो उत्तर देत होता ते विचारलेल्या प्रश्नांना. ज्याला प्रश्नच विचारता येत नाही, जो दोन आठवडे गप्प आहे, त्याची विचारपूस कोणी करावयाची?

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न परका नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून, तर केंद्राचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून कार्यरत आहे. दिवसभराची कचेरी आटोपून रात्री मोबाइलसमोर बसणाऱ्या कारकुनाला व्याख्यानांची वाण नाही. त्याचे कोठे अडले हे ओळखणारा माणूस त्याला हवा असतो. तो माणूस ठेवावयाचा तर त्याच्याकडे मोजकेच विद्यार्थी सोपवावे लागतील, आणि त्यांच्यासाठी तो देत असलेले तास अध्यापनाचे तास म्हणून हिशेबात धरावे लागतील. हा खर्च वाचविणारी संस्था पाठ पुरवील. शिक्षण देईलच असे नाही.