दोन नाणी आणि एक रक्ततपासणी

जीभ नळीसारखी वळते का? कानाची पाळी सुटी की चिकटलेली? आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की वर्गात हा खेळ रंगतोच. पण जिभेचे उदाहरण कच्चे आहे. १९४० मध्ये स्टर्टेव्हंट या अमेरिकी शास्त्रज्ञाने ते आनुवंशिकतेशी जोडले. पण १९५२ मध्ये मॅटलॉक या संशोधकाने जनुके सारखीच असणाऱ्या एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तेव्हा सात जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही.

मुंबईच्या उपनगरांतल्या मुलांसाठी याहून पक्के उदाहरण जवळच आहे: बीटा थॅलेसेमिया. अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात दोष असला की हिमोग्लोबिन नीट बनत नाही. सिंधी, लोहाणा, भानुशाली समाजांत या दोषाचे वाहक तुलनेने अधिक आढळतात आणि मुलुंड-घाटकोपरात ही कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पण हा दोष जात-भाषा पाहत नाही. मराठी घरांतही तो सापडतो.

तो समजावायला दोन नाणी पुरतात. समजा, आई-बाबा दोघेही वाहक आहेत, म्हणजे प्रत्येकाकडे एक निरोगी आणि एक सदोष जनुक आहे. एक नाणे आईचे, एक बाबांचे. छापा म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे सदोष. दोन्ही नाणी एकदम उडवली की एक मूल. एकच काटा पडला, तर मूल वाहक, म्हणजे ‘मायनर’. ते आजारी नसते. फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी भरते आणि लोह कमी समजून उगाच गोळ्या दिल्या जातात. दोन्ही काटे पडले, तर ‘मेजर’. अशा मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यातून साचणारे लोह काढायला रोज औषध घ्यावे लागते.

खेळात मुले एक चूक हमखास करतात. चारात एक आजारी, मग पहिले आजारी निघाले तर पुढची तीन सुखरूप, असे त्यांना वाटते. मोठ्यांनाही वाटते. पण नाण्याला मागचा डाव आठवत नाही. प्रत्येक गर्भारपणात धोका तेवढाच, २५ टक्के.

बोरिवली पूर्वेला महापालिकेचे थॅलेसेमिया केंद्र आहे. तिथे अस्थिमज्जा प्रत्यारोपणही होते. पण प्रत्यारोपणाला जुळणारा दाता लागतो. वाहक ओळखायला मात्र एकदाच थोडे रक्त द्यावे लागते. ‘एचबीए२’ या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराचे प्रमाण सहसा साडेतीन टक्क्यांहून अधिक निघाले की निदान होते.

शिक्षकांनी हा खेळ जरूर घ्यावा. मात्र कुणाच्या घरी कोणता आजार आहे, हे भर वर्गात विचारू नये. आणि पालकांनी मुलांची ही तपासणी लग्नाच्या बोलणीपर्यंत न थांबता कॉलेजच्या वयातच करून घ्यावी.