अड्याळच्या गच्चीवरून नवताऱ्याची राखण

मेअखेरीस रात्री अकरानंतर गच्चीवर आडवे व्हा. केशरी स्वाती ओळखा. तिच्या पूर्वेला फुटक्या बांगडीसारखी ताऱ्यांची कमान दिसेल, तो उत्तर मुकुट. आपल्या अड्याळहून तो जवळजवळ डोक्यावरच येतो.

त्याच्या कडेला टी कोरोना बोरिआलिस आहे. एरवी दहाव्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. पण १८६६ आणि १९४६ मध्ये तो अचानक दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत भडकला आणि आठवडाभरात पुन्हा दिसेनासा झाला. त्या हिशेबाने पुढची पाळी याच काही वर्षांतली.

कारण? तिथे मुळात दोन तारे आहेत. त्यातला श्वेतबटू शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचा हायड्रोजन ओढत राहतो. थर साचतो, तापतो आणि पेटतो. उडतो तो थर, तारा शाबूत राहतो. असा भडकलेला तारा म्हणजे नवतारा.

नवतारे फार घाईचे! जून २०२१ मध्ये शौरीतला व्ही१६७४ जेमतेम दिवसभरात दोन प्रतींनी मंदावला. म्हणून रात्रीतून एकच नोंद पुरत नाही, दर अर्ध्या तासाने घ्या.

पद्धत सोपी आहे. मुकुटातला ठळक तारा अल्फेका २.२ प्रतीचा, एप्सिलॉन ४.१ चा. नवतारा तेजाने बरोबर मधला वाटला, तर लिहा ३.२. शेजारी तारीख आणि वेळ, मिनिटांसह. नोंदी एएव्हीएसओ या संस्थेकडे पाठवता येतात.

आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही २००६ मध्ये भुजंगधारीतल्या आरएस ओफियुकी या नवताऱ्याच्या रेडिओ लहरी टिपल्या होत्या. आपल्याला वही-पेन पुरे!