चौकट : लॅपटॉपच्या स्क्रीनचे ६० चे ७५ हर्ट्झ करताना

• अर्थ : ६० हर्ट्झ म्हणजे स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला ६० वेळा ताजं होतं, एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. ७५ वर १३.३.

• विजेशी संबंध नाही : खेड्यात काय नि मुंबईत काय, घरची वीज ५० हर्ट्झचीच. स्क्रीनचा वेग ग्राफिक्स चिप सांभाळते.

• कृती : ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये ‘कस्टम रिझोल्युशन’ असेल, तर पाच-पाच हर्ट्झनी वाढवा. स्क्रीन काळी झाली तर काही न दाबता थांबा. जुनी सेटिंग बहुधा काही सेकंदांत परत येते.

• तपासणी : माउसचा बाण अडखळला, रेषा थरथरल्या, की एक पायरी खाली या.

• तोटा : बॅटरी लवकर उतरते. स्वस्त पॅनलवर हलत्या चित्रामागची सावली तशीच राहते.

वॉरंटीच्या अटी आधी वाचा.