चिरंजीवांना जेसीबी घेऊन द्यावा काय?



गेल्या वार्षिक सभेच्या दिवशी चहाच्या वेळी एका वयस्क सभासदांनी आम्हांला बाजूला घेतले. म्हणाले, "पोरगं म्हणतंय जेसीबी घेऊन द्या, उसाच्या बिलातनं हप्ता भरू. आणि मोबाईलवर तर दाखवतात की आता बिनमाणसाची मशीन आली. मग घ्यावं का नाही, तुम्हीच सांगा." तोड केव्हा मिळेल, उतारा किती पडला, हे प्रश्न आम्हांला रोजचे. याचे उत्तर मात्र उभ्या उभ्या देता आले नाही. पुढे कामानिमित्त मुंबईला जाणे झाले तेव्हा मानकोली नाक्यावर उतरून एक दिवस तिथे काढला. त्या दिवसाची आणि नंतर मिळविलेल्या माहितीची ही हकिकत.

मानकोली हे भिवंडी तालुक्यातले गाव. नाशिकहून मुंबईला जाताना ठाण्याच्या खाडीच्या अलीकडे हा नाका लागतो. एके काळी इथे भाताची खाचरे आणि खाजणाची जमीन होती. आता मुरमाचा भराव टाकून उंच केलेल्या जागेवर गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. माजिवडा ते वडपे या सुमारे २४ किलोमीटर महामार्गाच्या रुंदीकरणाने हा सारा पट्टा खणून काढला. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, ते आमणेही याच तालुक्यात. तेव्हा खोदणारी, भरणारी आणि दाबणारी यंत्रे इथे पाहिजे तेवढी. ती चालविणाऱ्यांत आपल्याकडच्या ऊसवाल्यांची मुलेही भेटतात.

असाच एक मुलगा भेटला. वडील आपले सभासद, तीन भावांत साडेचार एकर. हा आठ वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आला, दोन वर्षे नुसते ग्रीसिंग आणि डिझेलचे कॅन वाहिले, मग हळूहळू पोकलेनवर बसला. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. त्या नावाचे खोदाईयंत्र आता बाजारात नाही, पण आपण प्रत्येक खोदाईयंत्राला पोकलेनच म्हणतो. जेसीबीचेही तसेच. १९७९ साली हरियाणात बल्लभगडला कारखाना निघाला आणि पुढे प्रत्येक पिवळे यंत्र जेसीबी झाले.)

गोदामाच्या फाटकाशी चर खोदायचा होता. आम्ही कडेला उभे राहून पाहत होतो. बकेट एकसारखी चालली होती ती मध्येच थांबली. त्याने खाली वाकून पाहिले, हेल्परला हात केला, हेल्परने फावड्याने माती बाजूला केली. खाली केबल निघाली. नकाशात ती दोन मीटर पलीकडे होती.

"कसे कळले?" आम्ही विचारले.

"काका, माती सांगती ना. एकदा खणून भरलेली माती पोकळ लागती, हाताला कळतं. इथं मुंबईचे पाण्याचे मोठे पाईप गेलेत, गॅसच्या लाईनी हायेत, कोणाची केबल कुठून गेली ते टाकणाऱ्यालाबी ठावं नाय. मशीन आपली आपण खड्डा खांदील हो, पण खाली काय हाये ते तिला कोण सांगणार?"

आता हेच यंत्र परदेशात बिनमाणसाचे कुठे चालते ते पाहू. चिली देशातील गॅब्रिएला मिस्त्राल या तांब्याच्या खाणीत २००८ सालापासून कोमात्सु कंपनीचे विनाचालक डंपर माल वाहतात. ऑस्ट्रेलियातील पिलबारा भागात लोखंडाच्या खाणींतही तसेच. जपानात उन्झेन ज्वालामुखीच्या १९९१ सालच्या स्फोटात ४३ माणसे दगावली, तेव्हा तेथील राडारोडा काढण्यासाठी दूर बसून यंत्रे चालविण्याची पद्धत वापरात आली. त्याच देशात अकिता प्रांतातील नारुसे धरणावर काजिमा कंपनीचे डोझर, रोलर आणि डंपर स्वतःच चालतात. मोजकी माणसे पडद्यासमोर बसून त्यांच्यावर नजर ठेवतात.

या कामांत एक सारखेपणा आहे. खाणीला कुंपण असते, रस्ता तोच, खेप तीच, रात्रंदिवस. मध्ये म्हैस येत नाही, शाळेची मुले येत नाहीत, बांधाचे भांडण नाही. शिवाय तिकडे चालकाचा पगार भारी आणि जपानात तर चालक म्हातारे होत चालले, नवे मिळत नाहीत. म्हणून एवढी महाग यंत्रणा त्यांना परवडते. मानकोलीच्या मालकाने पंचवीस-तीस हजारांचा चालक वाचविण्यासाठी ती का घ्यावी?

म्हणजे चालक निर्धास्त झाले काय? तसेही नाही. आपल्या कारखान्याचेच पाहा ना. जुन्या सेंट्रिफ्युगलवर हाताने नांगर लावून साखर खाली उतरविणारे कामगार होते. यंत्रे स्वयंचलित झाली आणि ते काम गेले. पॅनवर मात्र पॅनमन अजून आहे. समोर संगणकाचा पडदा आला, ब्रिक्स आणि व्हॅक्यूम त्यावर दिसतात, तरी दाणा नीट धरला की नाही हे तो काचेवर नमुना घेऊन उजेडात पाहतो. मात्र पूर्वी नुसत्या हाताच्या सवयीवर भागे, आता त्याला पडदाही वाचता यावा लागतो.

यंत्रचालकांचेही असेच होईल असे आम्हांला वाटते. सपाटीकरण, दाबणी, ठरलेल्या वाटेवर माल वाहणे ही एकसुरी कामे आधी जातील. काही गेलीही आहेत. काँक्रीटच्या मोठ्या रस्त्यावर पेव्हर पाहा. बाजूला ताणलेल्या तारेला त्याचा सेन्सर चाटत जातो आणि उंची व दिशा तोच सांभाळतो. ग्रेडरलाही आता उपग्रहावरून पातळी कळते. पूर्वी ग्रेडरवर हात बसायला वर्षे लागत, म्हणून त्याला मान होता. तो मान कमी होणार. गावठाणातली, गोदामाच्या फाटकातली, भिंतीला चिकटून करायची खोदाई मात्र बराच काळ माणसाकडेच राहील.

मानकोलीत खरे स्वयंचलन वेगळ्याच वाटेने शिरले आहे, त्याची चर्चा कोणी करीत नाही. नव्या यंत्रात बसविलेली यंत्रणा मालकाच्या मोबाईलवर सारे कळविते. यंत्र कुठे आहे, किती तास चालले, किती वेळ नुसतेच चालू राहिले, डिझेल किती उरले, सगळे. आमचा मुलगा हसून म्हणाला, "जेवाया बसलो तरी शेठचा फोन, बंद का केली म्हणून." डिझेल इकडे-तिकडे करणाऱ्यांची पंचाईत झाली, ते बरेच झाले म्हणा. पण ताशी हिशेब असा काटेकोर झाल्यावर ज्याचा हात मंद त्याला काम मिळेनासे होते.

आता मूळ प्रश्न. नव्या जेसीबीला तीस लाखांच्या वर मोजावे लागतात. १ जानेवारी २०२५ पासून धुराचे नियम कडक झाल्यापासून किंमत आणखी चढली. नाक्यावर यंत्रे कामाची वाट पाहत उभी असतात, भाव पाडून काम घेणारा नेहमीच असतो. पावसाळ्याचे चार महिने निम्मे काम नाही, हप्ता मात्र बाराही महिने. हायड्रॉलिकचा एखादा पंप गेला की महिन्याची कमाई गेली. तेव्हा धास्ती घ्यायची तर हप्त्याची घ्यावी, बिनमाणसाच्या यंत्राची एवढ्यात नको. उसाच्या बिलावर तर हा हप्ता मुळीच लावू नये, कारण बिल केव्हा मिळेल हे आम्ही कारखान्यात बसूनही छातीठोक सांगू शकत नाही!

चालक होणे ही गोष्ट निराळी. त्याला भांडवल लागत नाही, धीर लागतो. इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल या संस्थेच्या पद्धतीने, ज्याला काम येते पण कागद नाही अशा चालकाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मोठ्या कामांवर ते विचारतात. शिवाय हेच शिक्षण आपल्या शिवारात उपयोगी पडेल. राज्य शासनाने २०२३ मध्ये ऊसतोडणी यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांत जे कमी ते, अशी अनुदानाची योजना काढली. यंत्रे येत आहेत, पण ज्यांनी सरी साडेचार-पाच फुटांवर ठेवली त्यांच्याच रानात ती नीट चालतात आणि चालक चांगला नसेल तर बुडखा फाटतो, खोडवा बिघडतो. हंगामात तोडणी यंत्र आणि उन्हाळ्यात पोकलेन असे दोन्ही जाणणारा मुलगा सध्या शोधून सापडत नाही.

त्या सभासदांना आम्ही हे सगळे घरी जाऊन सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मुलाला हाक मारली. मानकोलीच्या मुलाचा पत्ता त्याला दिला आहे. दिवाळीपर्यंत हेल्पर म्हणून राहतो म्हणाला. जेसीबीचे कोटेशन सध्या वडिलांच्या कोटाच्या खिशात आहे.